गाण्याचा शेवट खाल्लेली ढोलकी

मित्रांनो, मी एक जुनी ढोलकी आहे, आणि जन्माची कथा सांगायच्या आधी मला वाजवणाऱ्या श्रीमंतची तक्रार करायची आहे. हा माणूस माझ्यावर चहाचा पेला ठेवायचा. अंगावर नव्हे, थेट तोंडावर. खेळ नसला की मला उभी करायचा, माझ्या ताणलेल्या कातड्यावर गरम पेला टेकवायचा आणि मग निवांत गप्पा मारायचा. कातड्याला ओल लागली की आवाज बसतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ठेवायचा. त्याची दुसरी खोड याहून मोठी. एकदा वाजवायला लागला की थांबायचा नाही. त्या खोडीपायी एका वर्षी आमचा सगळा फड मोडायची वेळ आली होती. ते दिवस आठवले की अजून माझ्या कड्या सैल पडतात. पण सांगते. निभावून गेल्यावर सांगायला बरं वाटतं.

माझा जन्म नगर शहरातला. बाबाजान नावाच्या कारागिराने अकोले तालुक्यातल्या डोंगरातून आलेलं खैराचं लाकूड दोन उन्हाळे सावलीत वाळवलं, मग आतून कोरलं. बकऱ्याचं कातडं दोन्ही तोंडांवर चढवलं, सुताची दोरी ओवली, दोरीत पितळी कड्या घातल्या. एका तोंडावर काळी शाई घोटली. ते माझं बारीक बोलणारं तोंड. दुसरं जाड बोलतं. घरातल्या थोरल्या बाईला दोन तोंडं लागतातच. एक पाहुण्यांसाठी, एक घरच्यांसाठी. मी शाळेत गेले नाही. मला अक्षर येत नाही, बोल येतात. पण ते जेवढे येतात तेवढे कुणाला फळ्यावर लिहून शिकवता यायचे नाहीत.

मला विकत घेतलं लंकाबाईने. पाथर्डीच्या या बाईचा स्वतःचा तमाशाचा फड होता. तिने दुकानात मला उचललं, एकच थाप मारली आणि बाबाजानला म्हणाली, "हिचा आवाज माझ्यासारखा हाय. लांबून ऐकू येतो आन् जवळून बोचतो. बांधून द्या."

त्या दिवसापासून मी श्रीमंतच्या हाती पडले. तो तेव्हा मिसरूड फुटलेला गडी होता. वीस वर्षं आम्ही जत्रा केल्या. दसऱ्याला ट्रक निघायचा तो वैशाखात परत यायचा. तंबू, कनाती, पेट्या, आणि सगळ्यांच्या वर मी, रजईत गुंडाळलेली. कुणी मला ओलांडून गेलं तर लंकाबाई त्याला परत फिरवायची आणि पाया पडायला लावायची. असा माझा मान.

आता आमच्या फडाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी ढोलकी एकटी वाजते. त्याला तोडा म्हणतात. हा तोडा कशासाठी? नुसती करामत दाखवायला नाही. तंबूत माणसं आत येत असतात, जागेवरून भांडत असतात, लेकरं रडत असतात. ढोलकी त्या सगळ्यांना बसवते. श्रीमंत वाजवताना कधी माझ्याकडे बघायचा नाही. त्याची नजर कनातीजवळच्या शेवटच्या ओळीवर असायची. शेवटचा माणूस खाली बसला की श्रीमंत तोडा आवरायचा आणि मग गाणं उठायचं. त्यामुळे आमच्या गाण्यातला एक शब्द कधी कुणाचा चुकला नाही. लंकाबाईनेच त्याला हे शिकवलं होतं. "पुढं बसनाऱ्यानं जास्त पैसे दिले आसतील," ती सांगायची, "पर मागं बसनारा जास्त लांबून आलेला आसतो."

मग तो मोठा दुष्काळ आला. एका वर्षी पाऊस कमी, दुसऱ्या वर्षी जवळजवळ नाहीच. विहिरींचे तळ दिसले. गावोगावची माणसं सरकारी कामावर खडी फोडायला गेली आणि तिथे मिलोची, म्हणजे बाहेरदेशाहून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी खाऊ लागली. जत्रा भरायच्या, पण माणसं देवाला नारळ फोडायची आणि आल्या वाटेने परत जायची. तमाशाच्या तंबूकडे कुणी बघेना. आमच्या फडात तीसेक माणसं होती. लंकाबाईने सगळ्यांना जवळ बसवून सांगितलं, "मढीच्या यात्रेपर्यंत वाट बघू. तिथं तंबू भरला तर फड ऱ्हाईल. न्हाई भरला तर आपापली वाट धरा. मी कुनाला उपाशी नाचवनार न्हाई."

त्या काळातच तिने एक गाणं रचलं होतं. लिहिलं नव्हतं, लिहिता कुठे येत होतं, पण तोंडपाठ करून धाकट्या बहिणीला, छबूबाईला, शिकवलं होतं. गाण्यातल्या बाईच्या घरात एकच भाकर आहे आणि दारात तिघं उभी आहेत. छबूबाई पदर खोचून विचारायची:

एक भाकर तव्यावरती, तिघं उभी दारात गं
भाऊ आला, जोगी आला, गाय हंबरे अंगणात गं
कुणाला देऊ, सांगा मंडळी, एकच भाकर हातात गं

तीन कडव्यांत तिघांची बाजू यायची. भाऊ माहेरचा, जोगी देवाच्या वाटेवरचा, गाय मुकी. आणि चौथ्या कडव्यात उत्तर यायचं. ते उत्तर ऐकून बायका हसायच्या, गडी मान खाली घालून हसायचे. थोडीच माणसं असली तरी गाणं पुन्हा म्हणावं लागायचं.

अशातच मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब आले. त्यांनी खेळ बघितला आणि म्हणाले, तबकडी काढू. दोन बाजू, एका बाजूला एक गाणं, तीन मिनिटांचं. लंकाबाई म्हणाली, पहिल्या बाजूला गण. गणपतीला नमन केल्याशिवाय आमचं काही सुरू होत नाही, तुमची तबकडी तरी कशी फिरेल? साहेबांनी मान्य केलं. राहिली एक बाजू, आणि आमच्याकडे गाणी चाळीस. त्या एका जागेसाठी घरात जे भांडण झालं ते मी भिंतीला टेकून ऐकलं.

लंकाबाईचा लेक गोरक्षनाथ फडाचा कारभार बघायचा. तो म्हणाला, "आई, भाकरीचंच गानं द्यायचं. तेच परत मागत्यात लोक."

"म्हनूनच द्यायचं न्हाई," लंकाबाई म्हणाली. "कंपनी पैसे देनार एकदा. ते ट्रकच्या डिझेलला पुरतील. आपलं पोट तंबूवर हाय. ते गानं उद्या पाथर्डीच्या स्टँडवर फुकट वाजाय लागलं तर तंबूत कोन येईल, तुझा सासरा?"

"मंग रेकाट काढायचंच कशाला?"

"भजी तळताना वास गल्लीत जाऊ द्यावा आन् भजं कढईत ठेवावं. तसलं कायतरी दे. पैंजनाचं दे. छबू ते गोड म्हनती."

छबूबाईला हे आवडलं. साहेबांना आवडलं नाही. ते म्हणाले, पैंजणाची गाणी माझ्याकडे पोतंभर आहेत. भाकरीचं असेल तर काढू, नाहीतर नमस्कार. लंकाबाई बराच वेळ सुपारी कातरत बसली. शेवटी म्हणाली, "न्या. पर माझ्या गान्याचा शेवट चहाच्या पेल्याबरोबर वाटला जानार हाय, येवढं ध्यानात ठिवा."

आम्ही मुंबईला गेलो. मी एस.टी.त श्रीमंतच्या मांडीवर होते. तिथे एका बंद खोलीत आम्हाला बसवलं. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं, एका बाजूला काच, काचेपलीकडे साहेब. लाल दिवा लागला की सुरू करायचं, तीन मिनिटांत संपवायचं. गण पहिल्याच खेपेला झाला. मग भाकरीचं गाणं. दिवा लागला. श्रीमंतने तोडा सुरू केला आणि सवयीने मान वर करून शेवटची ओळ बघायला लागला.

मित्रांनो, तिथे शेवटची ओळच नव्हती. पहिलीही नव्हती. समोर गादी लावलेली भिंत. बसायला कुणी नव्हतं, म्हणून कुणी बसलंही नाही, आणि कुणी बसेना म्हणून श्रीमंत वाजवत राहिला. मी काय करणार? हात पडेल तसं बोलणं माझं काम. साहेब काचेपलीकडून हात हलवत होते. तीनदा थांबवलं, तीनदा पुन्हा केलं. दर वेळी तेच. चौथ्या खेपेला बाहेर दुसरी पार्टी येऊन उभी राहिली होती. श्रीमंतने तोडा निम्मा केला तरी लांबलाच. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, बारीक करून टाकू." आम्हाला वाटलं, काहीतरी यंत्रातली गोष्ट असेल. सगळ्यांनी भेळ खाल्ली आणि परत आलो.

पौष महिन्यात तबकडी आली. पाथर्डीच्या स्टँडवरच्या हॉटेलात ती पहिल्यांदा वाजणार होती. लंकाबाई नवं लुगडं नेसली, सगळ्या फडाला घेऊन गेली. मलाही नेलं. सुई टेकली. गण झाला. मालकाने तबकडी उलटली. माझा तोडा सुरू झाला. खोटं कशाला बोलू, कर्ण्यातून माझा आवाज ऐकून मी फुगले होते. मग छबूबाई. भाऊ आला, जोगी आला, गाय हंबरली. "कुणाला देऊ, सांगा मंडळी," असं तिने विचारलं आणि तिचा आवाज लांब निघालेल्या एस.टी.सारखा बारीक बारीक होत गेला. मग नुसती खरखर.

हॉटेलात एकजण म्हणाला, "मंग भाकर कुनाला दिली?"

मालकाने तबकडी उचलून दोन्ही बाजू बघितल्या. "न्हाई बा. एवढंच हाय."

लंकाबाई उठून बाहेर आली. वडाखाली थांबली आणि श्रीमंतकडे वळली.

"शेवट कुठं हाय माझा?"

"आक्का, तिथं मानसंच न्हवती," श्रीमंत हळूच म्हणाला. "कोन बसलं, कोन उभं, काय कळना. कुठं थांबायचं?"

"मंग भिंतीला बसवत हुतास व्हय? बसली का भिंत?"

लंकाबाईने माझा पट्टा त्याच्या खांद्यावरून काढून घेतला. "सगळं गाव आता म्हननार, लंकाबाईला गानं पुरं करता येत न्हाई. जा तू. खडीवर जा. तिथं हाताला थांबायची गरज न्हाई."

श्रीमंत गेला. त्याने मागे वळून बघितलं ते तिच्याकडे नाही, माझ्याकडे. त्याच्या पेल्याचा मला इतका राग, पण त्या दिवशी वाटलं, ठेव बाबा पेला, पण जाऊ नको.

मला घरातल्या खुंटीला टांगलं. वाजवायला पुंजाराम नावाचा नवा गडी आणला, त्याची स्वतःची नवी ढोलकी होती. दोन महिने माझ्यावर कुणाचा हात पडला नाही. उन्हाने कातडं ओढलं जायचं, पहाटे सैल व्हायचं. दोरीत कोळ्याने जाळं केलं. एक उंदीर येऊन कातड्याचा वास घेऊन गेला. टांगलेल्या वाद्याला ऐकण्याशिवाय दुसरं काम नसतं. मी ऐकत राहिले. आणि ऐकता ऐकता मला काहीतरी वेगळं कळायला लागलं.

रस्त्यावरून बायका टँकरच्या पाण्याला जायच्या. एक म्हणायची, "भावालाच दिली आसंल. माहेरचा हाय त्यो." दुसरी म्हणायची, "आन् गाय मेली म्हंजी? भाऊ दूध देनार हाय का?" गडी पारावर जोग्याच्या बाजूने भांडायचे. गोरक्षनाथ एक दिवस बाजारातून आला आणि म्हणाला, "आई, शेवगावच्या खडीवर दोन मुकादम ह्या भाकरीवरनं भांडलेत. एकमेकांशी बोलत न्हाईत."

"हसत्यात ते आपल्याला," लंकाबाई म्हणाली. तिने ऐकूनच घेतलं नाही.

रंगपंचमीला मढीची यात्रा. फडाची थोरली ढोलकी घरी टांगून यात्रेला जायचं नसतं, म्हणून मलाही ट्रकमध्ये घातलं. खडीवरच्या माणसांना दिवस मावळायच्या आत परतायचं असतं, म्हणून गोरक्षनाथने दुपारचा खेळ लावला. मला तंबूत रंगमंचाच्या कडेला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. पूजेला मी, वाजवायला दुसरी. मित्रांनो, जिवंतपणी फोटोला हार घातल्यावर कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

पण तंबूकडे बघून मी सगळं विसरले. माणसं येत होती. आधी दहा, मग पन्नास, मग कनातीला कनात लावावी लागली. बाया जास्त. पायांवर खडीचा पांढरा धुरळा, फडक्यात बांधलेली भाकरी. लंकाबाई पडद्याआडून बघत होती आणि तिला विश्वास बसत नव्हता.

गण झाला. मग छबूबाई पदर खोचून उभी राहिली. पुंजारामची बोटं मोठी चलाख. त्याने आठ मात्रांचा चटकन तुकडा वाजवला आणि छबूबाईला मान हलवून इशारा केला. मागे माणसं अजून आत येत होती, एकमेकांना रेटत होती. पहिली ओळ कुणाला ऐकूच गेली नाही. दुसरी गेली नाही. मागून गलका उठला. कुणीतरी ओरडलं, पैसे परत द्या.

तेव्हा शेवटच्या ओळीतून एक म्हातारी उभी राहिली. साळूबाई तिचं नाव, पुढे सगळ्या फडाला माहीत झालं. तिचा आवाज माझ्यापेक्षा कमी नव्हता.

"ए बाई, थांब. सात कोस चालत आलो आमी. भाकर कुनाला दिली ते ऐकाय आलो. पर रेकाटात ढोलकी आधी वाजती, मानसं बसत्यात, मंग गानं हुतं. आमी उभ्यानं ऐकनार न्हाई. त्यो रेकाटातला मानूस कुठं हाय?"

"व्हय, त्यो आना," चारी बाजूंनी आवाज आले.

छबूबाई थांबली. पुंजारामने हात आखडले. लंकाबाई पडद्याबाहेर आली. दोन वर्षांत पहिल्यांदा तंबू भरला होता, आणि तो आता तिच्या डोळ्यांदेखत उठून जाणार होता. तिने नजर फिरवली ती थेट शेवटच्या ओळीवर गेली. साळूबाईच्या शेजारी डोक्यावर टॉवेल घेतलेला एक माणूस मान खाली घालून बसला होता. त्याचे हात मनगटापर्यंत पांढरे होते.

"श्रीमंता," लंकाबाई म्हणाली. सगळ्या माना मागे वळल्या. "तिकीट काढून बसलास व्हय?"

श्रीमंत उभा राहिला. "काढलं आक्का."

"त्याचे पैसे परत मिळनार न्हाईत. वर ये."

माणसांनी वाट करून दिली. श्रीमंत वर आला, त्याने मला पाटावरून उचललं, कपाळाला लावलं. माझं कातडं सैल पडलं होतं. त्याने कनातीच्या फटीतून आलेल्या उन्हात मला धरून ठेवलं, एकेक कडी ओढली, बोटाने टिचकी मारून ऐकलं. लोक थांबले होते. मग त्याने थाप मारली. त्याच्या तळव्याला फोड आले होते, ते मला लागले. आम्हा दोघांनाही दुखलं, आणि दोघांनाही बरं वाटलं.

तो वाजवत राहिला. शेवटच्या ओळीत साळूबाई एकटी उभी होती, हात कमरेवर. श्रीमंत तिच्याकडे बघत होता. ती मुद्दाम बसेना. तो वाजवत राहिला. शेवटी ती हसली आणि त्याच्याच रिकाम्या जागेवर बसली. श्रीमंतने तोडा आवरला. आता शेवटच्या ओळीपर्यंत सगळा तंबू बसला होता. छबूबाईने भाऊ दाखवला, जोगी दाखवला, गाय दाखवली. चौथं कडवं आलं:

मोडली भाकर, मीच खाल्ली, म्हणा कुणी मज काही गं
उद्या फोडीन खडी, आणीन चौघांपुरती बाई गं

मग बाया अशा हसल्या की कनाती हलल्या. साळूबाई शेजारणीच्या पाठीत थापा मारत म्हणत होती, "सांगत न्हवते मी? सांगत न्हवते?" तिने काय सांगितलं होतं कोण जाणे. गाणं तीनदा म्हणावं लागलं. बाहेर दुसऱ्या खेळाची रांग लागली होती. लंकाबाई पडद्याआड गेली आणि ट्रंकेवर बसून पदराने तोंड पुसत राहिली. रडत होती की घाम होता, मी विचारलं नाही. फड राहिला होता.

पुढे साहेबांचं पत्र आलं. रेकॉर्ड गावोगाव मागतात, आता शेवटासह दुसरी काढू. गोरक्षनाथने वाचून दाखवलं. लंकाबाई म्हणाली, "लिही त्यांना. वास धाडलाय, भजं कढईत हाय. तंबूत या, तिकीट काढून." त्या वर्षी वैशाखापर्यंत आमचा ट्रक उभा राहिला नाही.

मित्रांनो, मी आता म्हातारी आहे. दोनदा कातडं बदललं, खोड तेच आहे. तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर त्याला खुंटीला टांगून नुसतं फूल वाहू नका. त्याला कोरड्या फडक्याने पुसा, ऊन दाखवा, रोज घटकाभर हात लावा. हात लावला नाही की आम्ही आतून सैल होतो, आणि ते वरून दिसत नाही. माणसांचंही तसंच असतं, असं मला श्रीमंतला खडीवरून परतलेला पाहून वाटलं.

आणि त्या दिवशीचं शेवटचं राहिलंच. खेळ संपल्यावर श्रीमंतने मला उभी केली. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला. दोन घोट घेऊन त्याने पेला नेहमीसारखा माझ्या तोंडावर टेकवला. सगळा फड बघत होता. लंकाबाई उठली, पेला उचलला, उरलेला चहा स्वतः पिऊन टाकला, पदराने माझं तोंड कोरडं केलं आणि म्हणाली:

"श्रीमंता, शेवट खाल्लास ती चूकच हुती, आन् ती चूकच ऱ्हानार. तिचं सोनं देवानं केलं, तू न्हाई. उद्यापासनं तुझी जागा तुला. मागचा मानूस बसल्याबिगर हात थांबवायचा न्हाई, मी म्हनलं तरी न्हाई. आन् ह्या म्हातारीच्या तोंडावर परत पेला ठेवलास, तर मी माझा चहा तुझ्या टकुऱ्यावर ठेवून पिईन."